मैफलीच्या दारात मुलांना अडवू नका : संगीत महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

शास्त्रीय संगीताच्या मैफली आणि महोत्सव भरवणाऱ्या सर्व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेत, कलाकारांची नावे आणि सत्रांच्या वेळा संपल्यावर, तळाशी बारीक टायपात एक ओळ छापून आली आहे : 'बारा वर्षांखालील मुलांना सभागृहात प्रवेश नाही.' मी ज्या संस्थेची सभासद आहे तिचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेपुरता राहिलेला नाही. वयाचा आकडा कुठे कमी, कुठे जास्त, पण अशा ओळी आता इतक्या सहजपणे छापल्या जातात की त्यावर कोणी हरकत घेईल असे छापणाऱ्यांच्या मनातही येत नसावे. माझी हरकत आहे. ती मी आधी कार्यालयात तोंडी नोंदवली. 'सगळीकडे असेच असते' एवढेच उत्तर मिळाले, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

या प्रकरणात माझा काय संबंध आहे ते आधी सांगते. आमच्या घरात तीन पिढ्या एकत्र राहतात. माझ्या सासूबाई गाणे शिकलेल्या नाहीत, पण ऐकणे त्यांच्यात इतके मुरले आहे की गायकाने चार स्वर घेतले की त्या रागाचे नाव सांगतात, आणि अंदाज चुकला तर स्वतःच हसतात. मला जे थोडेफार ऐकता येते ते त्यांच्या शेजारी बसून आले. आता माझी नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या दुसऱ्या हाताला बसते. मागच्या हंगामात मध्यंतरानंतर तानपुरे जुळवले जात असताना सभागृहातले बहुतेक मोठे लोक आपापल्या फोनमध्ये डोके घालून होते आणि ही मुलगी मान उंचावून रंगमंचाकडे पाहत होती. तानपुऱ्यावर बसलेली शिष्या घोडीवर तारेखालचा सुती धागा बोटाने केसभर पुढे सरकवायची, तार छेडायची, पुन्हा मागे घ्यायची, आणि एका जागी येताच तो दबलेला आवाज एकदम खुलायचा. 'तो दोरा कशाला?' असे तिने आजीला विचारले. आजीने जवारीबद्दल, म्हणजे त्या धाग्याने तारेला येणाऱ्या गुंजनाबद्दल, दोन वाक्ये सांगितली, मग स्वतःच जरा कान देऊन म्हणाल्या, 'पहिली तार मध्यमाला लावताहेत. म्हणजे पंचम नसलेला राग येणार. बघ, बहुतेक मालकंस.' मालकंसच आला. तो येताना मुलीच्या चेहऱ्यावर जे होते ते कोणत्याही स्पर्धेच्या बक्षिसाने आलेले मी पाहिलेले नाही. पुढचे काही दिवस ती फोनवरच्या तानपुऱ्याची पहिली तार कधी पंचमाला, कधी मध्यमाला लावून दोन्हींतला फरक ऐकत बसत होती.

आपल्या नव्या नियमाने ही मुलगी आता तीन वर्षे बाहेर राहणार आहे. सासूबाईंचे वय पाहता ही तीन वर्षे आमच्या घराला किती महाग आहेत, हे मी वेगळे सांगायला नको.

आता तक्रारी.

पहिली तक्रार पद्धतीबद्दल आहे आणि ती थोडक्यात आटोपते. सभासदांकडून वर्षाची वर्गणी घेतल्यानंतर हा नियम जाहीर झाला. सर्वसाधारण सभेत त्याचा उल्लेख झाला नाही, कोणाचे मत मागवले गेले नाही, आणि कारणही छापलेले नाही. ज्या नियमाचे कारण लिहून देता येत नाही, तो करताना कार्यकारिणीलाही पुरती खात्री नसावी असे मला वाटते.

दुसरी तक्रार अशी की उपद्रव एका गोष्टीचा आहे आणि बंदी दुसऱ्याच गोष्टीवर आली आहे. मुलांमुळे रसभंग होतो हे मी नाकारत नाही. विलंबित ख्यालाची बढत, म्हणजे रागाचा संथ विस्तार, चालू आहे, गायक गंधारावर स्थिरावला आहे आणि मागच्या रांगेत एखादे बाळ कळवळून रडते आहे, अशा वेळी गायकाचे चित्त उडते आणि आमचेही. त्या बाळाला ताबडतोब बाहेर नेले पाहिजे, आणि जे पालक उठायला तयार नसतात त्यांना स्वयंसेवकाने येऊन उठवले पाहिजे. पण सभागृहातल्या उपद्रवाचा प्रामाणिक हिशेब मांडायचा तर फोन वाजू देणारे, वाजलेला फोन कानाला लावून 'मी मैफलीत आहे' असे शेजारच्या चार रांगांना ऐकवणारे, अख्खी द्रुत बंदिश उजळ पडद्यावर चित्रित करणारे, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सोडून भलतीकडेच मोठ्याने दाद देणारे आणि शेवटची भैरवी सुरू होताच वाहनतळ गाठण्यासाठी गुडघे ओलांडत निघणारे हे सगळे बारा वर्षांच्या वरचेच असतात. त्यांच्यासाठी आपण एक विनंतीची सूचना करता. मुलांसाठी मात्र थेट दार बंद. वागणुकीचा नियम करा, तो नऊ वर्षांच्या आणि साठ वर्षांच्या श्रोत्याला सारखाच लावा, माझी काही हरकत असणार नाही.

तिसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत बहुधा कोणीच मांडली नसेल. मुलाला प्रवेश नाही म्हटले की मूल एकटे घरी राहत नाही, त्याच्याबरोबर कोणीतरी मोठे माणूस राहते, आणि बहुतेक घरांत ते माणूस कोण असते हे आपल्याला माहीत आहे. वयाची ही अट कागदावर मुलांसाठी असली तरी ती प्रत्यक्षात आयांना लागू होते. ज्या स्त्रीने लग्नाआधी गाणे शिकले, संसारात ते बाजूला पडले, आणि निदान वर्षातून एकदा महोत्सवाला जाता येईल एवढीच आशा धरली, तिला आपण मूल बारा वर्षांचे होईपर्यंत थांबायला सांगता. दुसरे मूल असेल तर आणखी काही वर्षे. आणि वृद्धांचेही तेच. ज्या सुनेने किंवा मुलाने हाताला धरून सासूबाईंना सभागृहापर्यंत आणायचे, तेच घरी अडकले तर म्हातारे माणूस एकटे येत नाही. एका मुलाला अडवून आपण एका घरातली तीन-चार माणसे कमी करता आणि मग रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून तरुण पिढीला दोष देता.

हा नियम आपल्याच परंपरेच्या आरशात एकदा पाहावा, अशीही विनंती आहे. कुमार गंधर्वांनी मुंबईच्या जाणत्या श्रोत्यांना आपल्या गाण्याने थक्क केले तेव्हा ते बारा वर्षांचेही झाले नव्हते. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली, त्या सुरांनी त्यांना झपाटले, आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. मोगूबाई कुर्डीकरांनी आपल्या मुलीला, किशोरीताई आमोणकरांना, घरात घडवले. तानपुरा घेऊन आईच्या मागे बसण्यातूनच त्यांची मैफलीशी ओळख झाली. या तिघांच्या तसबिरी आपल्या सभागृहांत लागलेल्या असतात. आज त्या वयाचे मूल प्रवेशद्वाराशी आले तर आपला स्वयंसेवक त्याला त्या तसबिरींपर्यंतही पोहोचू देणार नाही. मुलगा किंवा मुलगी असामान्य गात असेल तर मात्र आपण तिला 'बालकलाकार' म्हणून मोठ्या अक्षरांत जाहिरातीत घेता, सत्कार करता, छायाचित्रे काढता. रंगमंचावर मूल चालते आणि खुर्चीत चालत नाही, हा न्याय मला समजत नाही. सामान्य मुलाला, जे उद्या कधीही गाणार नाही, फक्त ऐकणार आहे, त्याला जागा कुठे?

कारण श्रोता हासुद्धा घडवावा लागतो, आणि तो मुख्यतः घरात घडतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते संगीत दरबारातून आणि मोजक्या बैठकांतून बाहेर काढून सामान्य घरांत नेण्यासाठी. तो उद्देश एका अर्थी फार यशस्वी झाला. आज गल्लोगल्ली गाण्याचे वर्ग आहेत, मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत असतात. पण या मुलांशी बोलून पाहा. भूप रागाचे आरोह-अवरोह घडाघडा म्हणणाऱ्या, तीनतालाच्या टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर व नवव्या मात्रेवर खाली असे न चुकता दाखवणाऱ्या कितीतरी मुलांनी भूप अर्धा तास सलग, प्रत्यक्ष, माणसाच्या गळ्यातून उमलताना ऐकलेला नसतो. विलंबित एकतालाचे, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालाचे, एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते. एवढ्या अवकाशात गायक काय करतो, समेकडे कसा येतो, तबल्यावरचा माणूस त्याची वाट कशी पाहतो, हे वहीतल्या बारा चौकोनांतून कळत नाही. ते मैफलीत बसल्यावरच अंगात शिरते. यात आम्हा पालकांचा दोष मोठा आहे, तो मी झाकत नाही. प्रमाणपत्रासाठी आम्ही मुलांना वर्गाला सोडतो आणि तेवढा तासभर बाहेर गाडीत बसून स्वतः काहीतरी भलतेच ऐकतो.

जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांनी या बाबतीत अगदी साधा विचार केला होता. मूल भाषा शिकते ती सतत कानावर पडून, तर संगीत वेगळ्या रीतीने का शिकवायचे? म्हणून त्यांच्या पद्धतीत पालकाने शिकवणीला मुलाबरोबर बसायचे, स्वतःही वाद्य थोडे शिकायचे, आणि पुढे वाजवायच्या रचना घरात रोज ऐकायच्या, असा क्रम आहे. आमच्या घरी असे काही पद्धतशीर चालत नाही. सकाळी आवराआवर चालू असताना कोणाचा तरी तोडी लागलेला असतो, कोणी नीट ऐकत नाही, आणि तरीही शाळेला निघताना मुलगी त्यातलाच एखादा तुकडा गुणगुणत बूट घालते. एकच बंदिश दोन गायकांची लावायची आणि कोणाची जास्त आवडली यावर जेवताना वाद घालायचा, हा आमचा आवडता उद्योग आहे. त्यात सासूबाई हरायला तयार नसतात. पण हे सगळे घरातले ऐकणे कशावर तरी टेकलेले असावे लागते. महोत्सव हा तो आधार आहे. तिथे जायचे म्हणून त्या कलाकाराची ध्वनिमुद्रणे आधी ऐकली जातात, आल्यावर आठवून पुन्हा ऐकली जातात. प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे असलेल्या आजच्या घरात सर्वांनी एकाच वेळी, एकच गोष्ट, मध्येच पुढे न ढकलता ऐकण्याची जागा जवळजवळ एवढीच उरली आहे.

मुलांसाठी वेगळा कार्यक्रम ठेवला आहे ना, असे आपण म्हणाल. तो मी मुलीला घेऊन पाहिला आहे. प्रत्येकी पाच-सात मिनिटांचे तुकडे, मधे चित्रपटगीतांतून राग ओळखा अशी प्रश्नमंजूषा, निवेदकाचे लाडिक बोलणे, आणि शेवटी सर्वांनी टाळ्या वाजवण्याचा आग्रह. मुलांनी मजा केली, याबद्दल तक्रार नाही. पण मैफल म्हणजे काय हे त्यांना तिथे कळले नाही. मुलांसाठी करायचे म्हणजे पातळ करायचे, ही समजूतच मुळात चुकीची आहे. लेनर्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ ते १९७२ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह मुलांसाठी मैफली केल्या, त्या पूर्ण वाद्यवृंदानिशी आणि थोर संगीतकारांच्या अस्सल रचना घेऊन. सोपे होते ते फक्त त्यांचे बोलणे. आपल्याकडे सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांनी बालरंगभूमीसाठी नेपथ्यात, प्रकाशयोजनेत, नटांच्या तयारीत कमीपणा येऊ दिला नाही, आणि ती नाटके पाहिलेली मुले पुढे मोठ्यांच्या नाटकांचे प्रेक्षक झाली. संगीताच्या क्षेत्रात हे काम मोठ्या प्रमाणावर झालेले नाही. ते व्हावे असे मला जरूर वाटते, पण ते मुख्य मैफलीच्या दाराला पर्याय म्हणून नको.

रात्रीच्या जागरणाचे कारणही आता फारसे टिकत नाही. पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफलींच्या काळात मुलांना घरी ठेवणे समजण्यासारखे होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आल्यानंतर उघड्या मंडपातल्या मैफली रात्री दहाला आवरतात; राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तेवढा अपवाद. बंद सभागृहांना ही मर्यादा तशी लागू नसली, तरी आपले कार्यक्रमही बहुधा त्याच सुमाराला संपतात. शाळेचा अभ्यास करून जागणारी मुले त्याहून उशिरा झोपतात.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

वयाची सरसकट अट यंदाच्या हंगामापासून मागे घ्यावी. तिच्या जागी सर्व श्रोत्यांसाठी एकच आचारसंहिता छापावी आणि ती राबवण्याचा अधिकार स्वयंसेवकांना खरोखर द्यावा : फोन बंद, चित्रण नाही, राग चालू असताना ये-जा नाही, आणि आवाज करणाऱ्याला, त्याचे वय काहीही असो, बाहेर नेले जाईल. अगदी तान्ह्या बाळांबाबत आपण निराळा विचार केलात तर मी समजू शकते. सभागृहातल्या कडेच्या काही रांगा, दाराजवळच्या, मुलांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी राखाव्यात, म्हणजे उठावे लागले तर कोणाच्या अंगावरून जावे लागणार नाही. बाहेरच्या दालनात ध्वनिक्षेपकावरून आतले गाणे ऐकू येईल अशी सोय करावी. मूल अस्वस्थ झाले म्हणून बाहेर आलेल्या आईचे निदान ऐकणे तरी तुटणार नाही. यातल्या कशालाही मोठा खर्च येत नाही.

महोत्सवात निदान एक सत्र सकाळचे ठेवावे. यात मुलांइतकाच संगीताचाही फायदा आहे. आपले बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी होत असल्याने यमन, पूरिया, बागेश्री पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात आणि भैरव, तोडी, देसकार, जौनपुरी, दुपारचे सारंग हे राग प्रत्यक्ष मैफलीत क्वचित कानावर पडतात. मुले सकाळी ताजीतवानी असतात, वृद्धांना ती वेळ सोयीची असते, आणि कलाकारांनाही ते राग गायला मिळाल्याचा आनंदच होईल. अशा सत्राआधी कलाकाराने, किंवा संस्थेतल्या एखाद्या जाणकाराने, पाच मिनिटे साध्या शब्दांत राग आणि ताल यांची ओळख करून दिली तर ती मुलांपेक्षा आम्हा मोठ्यांनाच जास्त उपयोगी पडेल, असा माझा अंदाज आहे. गायन सुरू होण्यापूर्वी रागाचे नाव सांगितले जावे, ही तर माझी जुनीच मागणी आहे, आणि कलाकारांनी ती मानावी म्हणून आपण शब्द टाकावा.

कुटुंबासाठी एकत्रित प्रवेशपत्रिका असावी आणि मुलांसाठी तिचे मूल्य नाममात्र असावे. मूल पहिल्या रागानंतर कंटाळले तर पालकाला पूर्ण रक्कम वाया गेल्याची हळहळ वाटू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. कंटाळण्याचा हक्क मुलांना असला पाहिजे. आम्हा पालकांकडूनही आपण काही अपेक्षा ठेवाव्यात : मुलाला आधी ऐकवून, समजावून आणावे, त्याच्या हातात फोन देऊन त्याला गप्प बसवू नये, आणि उठायची वेळ आली की लाजेखातर बसून राहू नये. हे सगळे आचारसंहितेत लिहा, मी त्यावर पहिली सही करीन.

शेवटची मागणी पद्धतीची. हा विषय प्रवेशपत्रिकांची विक्री सुरू होण्याआधी सभासदांच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, कलाकारांचेही मत विचारावे, आणि जो निर्णय होईल तो कारणांसह कार्यक्रमपत्रिकेत छापावा. सभेने बहुमताने वयाची अट कायम ठेवली तर मला ती पटणार नाही, पण मी ती पाळीन आणि पुढच्या सभेत पुन्हा हाच विषय मांडीन. या पत्राचे उत्तर लेखी मिळावे. ज्या इतर संस्थांनी अशीच ओळ छापली आहे, त्यांच्या सभासदांनीही आपापल्या कार्यकारिणीकडे हे प्रश्न विचारावेत, अशी त्यांना विनंती आहे.

आपली,
एक सभासद श्रोता